विकल्प अर्ज भरण्याआधी हे आकडे द्या : नाशिक जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय प्राचार्य आणि विश्वस्त,
नाशिक जिल्ह्यातील सर्व अभियांत्रिकी महाविद्यालये

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकरोडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गेली बावीस वर्षे गणित शिकवते आहे. अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेचे, म्हणजे सीईटीचे, पर्सेंटाइल हाती आले, की पुढचे सहा-सात आठवडे माझ्या घराच्या पुढच्या खोलीत विद्यार्थी आणि त्यांचे पालक येत राहतात. सिन्नर, निफाड, दिंडोरी, इगतपुरी, कधी थेट सुरगाण्याहूनही माणसे येतात आणि प्रत्येकाचा प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो : एवढ्या पर्सेंटाइलला कुठे मिळेल, आणि जिथे मिळेल त्यातले चांगले कोणते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मागच्या वर्षीच्या तक्त्यांवरून मी बऱ्यापैकी देऊ शकते. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी लागणारी माहिती तुमच्याकडे असते, ती माझ्यापर्यंत पोचत नाही आणि पालकांपर्यंत तर नाहीच नाही. ती तुम्ही विकल्प अर्ज, म्हणजे पसंतीच्या महाविद्यालय-शाखांची क्रमवार यादी, भरणे सुरू होण्याआधी, शाखानिहाय, एका पानावर आणि मराठीत प्रसिद्ध करावी, एवढी एकच विनंती करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

ही विनंती माझ्या मनात पक्की झाली ती निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांमुळे. ते मुलीला घेऊन आले होते. हातातल्या कॅरीबॅगमध्ये गुणपत्रिका, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, सगळे प्लास्टिकच्या फायलीत ओळीने लावलेले, आणि त्यासोबत औषधाच्या दुकानाचे एक बिल. त्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी पेनाने उभी रेघ मारून दोन रकाने केले होते. डावीकडे महाविद्यालय आणि शाखा, उजवीकडे मागच्या वर्षीचा कटऑफ, आणि यादी वरून खाली कटऑफच्या उतरत्या क्रमाने. मुलीचे पर्सेंटाइल होते ९३.४. त्यांनी कागद माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाले, “मॅडम, ज्याचा कटऑफ जास्त ते कॉलेज चांगलं, हाच हिशेब धरलाय. बरोबर आहे ना?”

मला त्यांना बरोबर म्हणता येईना आणि चूक म्हणायला माझ्या हातात पुरावा नव्हता.

कटऑफ म्हणजे काय, हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही, पण हे पत्र पालकही वाचतील म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे ५०-५० प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे, असे एकूण २०० गुण असतात. परीक्षा अनेक सत्रांत होते म्हणून गुणांऐवजी पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातले किती जण तुमच्या बरोबरीचे किंवा मागे आहेत तो आकडा, दिले जाते. २०२५ मध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित या गटाची परीक्षा चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. चार लाख धरले, तर पर्सेंटाइलचा एक अंक म्हणजे चार हजार विद्यार्थी होतात. ९५ वाल्याच्या पुढे वीस हजार आणि ९० वाल्याच्या पुढे चाळीस हजार मुले असतात. त्यातली कित्येक प्रवेश प्रक्रियेत येतच नाहीत, म्हणून शक्यता पाहताना पर्सेंटाइलपेक्षा राज्य गुणवत्ता क्रमांक पाहावा असे मी सांगते. सीईटी कक्षाच्या कटऑफच्या तक्त्यात तोही छापलेला असतो, पण त्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

एखाद्या शाखेचा कटऑफ ९४ ला थांबला, याचा अर्थ एवढाच, की त्या वर्षी, त्या फेरीत, त्या प्रवर्गातली शेवटची जागा ज्या विद्यार्थ्याला मिळाली त्याचे पर्सेंटाइल ९४ होते. किती जणांनी ती जागा मागितली आणि जागा किती होत्या, या दोन गोष्टींवर तो आकडा ठरतो. त्याच शाखेत पुढच्या वर्षी साठ जागा वाढल्या, की कटऑफ खाली येतो, आणि शिकवणारे, प्रयोगशाळा, निकाल यांत काडीचाही फरक पडलेला नसतो. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने एका शाखेतल्या प्रवेशक्षमतेची वरची मर्यादा उठवली. तेव्हापासून कॉम्प्युटर आणि तिच्या आसपासच्या शाखांचे वर्ग वाढत गेले आणि मागच्या वर्षीचा कटऑफ हा यंदाच्या शक्यतेचा पूर्वीइतका भरवशाचा आधार राहिला नाही. तुमच्या कोणत्या शाखेत यंदा जागा वाढल्या वा घटल्या, हे तुम्ही मान्यता मिळताच ठळकपणे सांगितले, तर आमचा निम्मा अंदाज सुधारेल.

त्या बिलामागच्या यादीत आणखी एक घोळ होता आणि तो बहुतेक पालकांचा होतो. त्यांनी आकडे वेगवेगळ्या रकान्यांतून उचलले होते. कटऑफच्या तक्त्यात प्रवर्गाच्या संक्षेपाच्या शेवटी एच, ओ किंवा एस असे अक्षर असते. एच म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातला विद्यार्थी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रातला, एस म्हणजे राज्यस्तरीय जागा. नाशिकचा विद्यार्थी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रातला. म्हणजे पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या संलग्न महाविद्यालयांतही तो घरचाच ठरतो, मुंबईच्या महाविद्यालयात मात्र बाहेरचा. पुण्याच्या सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठासारख्या ठिकाणी राज्यस्तरीय जागा असतात, तिथे हा भेद लागू नाही. निफाडच्या त्या भाऊंनी पुण्याच्या एका महाविद्यालयाचा ओ रकान्यातला कटऑफ पाहून ते नाव यादीतून खोडून टाकले होते. एच रकान्यात मुलगी बसत होती.

चुकीच्या क्रमाची किंमतही आता वाढली आहे. २०२५-२६ च्या प्रवेशात केंद्रीभूत प्रवेशाच्या, म्हणजे सीईटी कक्ष राज्यभरासाठी एकत्र राबवतो त्या प्रवेशाच्या, फेऱ्या तीनच्या चार झाल्या. पहिल्या फेरीत पहिला विकल्प मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी एखादा मिळाला किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला, तर तो घेणे बंधनकारक झाले. नाकारला तर पुढच्या फेऱ्या बंद. जागा अडवून ठेवण्याच्या सवयीला त्यामुळे आळा बसतो, म्हणून मला हा नियम योग्यच वाटतो. पण यादीतली वरची सहा नावे पूर्ण माहितीनिशी लिहायला हवीत, ही अपेक्षा त्यात गृहीत आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने ती माहिती आणायची कुठून?

आता मूळ मुद्दा. मला हवे असलेले आकडे अवघे पाच आहेत. त्यातला पहिला आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा हा : चार वर्षांपूर्वी एका शाखेत पहिल्या वर्षाला जितके विद्यार्थी आले, त्यांपैकी बरोबर चार वर्षांत किती जण पदवी घेऊन बाहेर पडले? थेट दुसऱ्या वर्षाला आलेले पदविकाधारक त्यात मिसळू नका, त्यांचा हिशेब वेगळा द्या. माझे विद्यार्थी दिवाळीत भेटायला येतात तेव्हा इन्सेम, एन्डसेम (सत्रातल्या आणि सत्राअखेरच्या परीक्षा), सबमिशन यांच्या गोष्टी सांगतात, आणि त्यांच्याच तोंडून कळते, की अमुक एकाला वायडी लागला, म्हणजे त्याचे वर्ष वाया गेले, तमुक एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, अडकला आहे. बारावीला माझ्या वर्गात नव्वदच्या पुढे गुण मिळवलेली मुले दुसऱ्या वर्षात का अडखळतात, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. काही दोष आमच्या शिकवण्याचा आहे, तो मी मान्य करते. सीईटीत चार पर्यायांतून उत्तर निवडायची सवय लागते आणि तिथे पानभर पायऱ्या लिहून समीकरण सोडवावे लागते. पण ज्या विभागात अशा मुलांना पहिल्या सत्रापासून हात दिला जातो, तिथला चार वर्षांत पदवीचा आकडा वेगळा असणारच. पालकांना नेमका तोच विभाग ओळखता आला पाहिजे.

दुसरा आकडा नोकऱ्यांचा, आणि इथे मला जरा परखड लिहावे लागेल. मागे एका महाविद्यालयाच्या माहिती कक्षात मी एका विद्यार्थिनीसोबत गेले होते. भिंतीवर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असा फलक होता. शंभर टक्के कुणाचे, असे विचारल्यावर तिथल्या तरुणाने प्रामाणिकपणे सांगितले, “मॅडम, पात्र आणि इच्छुक विद्यार्थ्यांचे.” समजा, एका शाखेत १२० जण आले. त्यांतले ३० चार वर्षांत बाहेर पडू शकले नाहीत. उरलेल्या ९० पैकी ज्यांचा एखादा विषय राहिला होता ते अपात्र, ज्यांनी नाव नोंदवले नाही ते अनिच्छुक, आणि राहिलेल्या ४० जणांना ४० नोकऱ्या मिळाल्या. हेही शंभर टक्केच. एका मुलाला तीन कंपन्यांनी बोलावले तर कुठे ते तीन मोजले जातात, कुठे एक. म्हणून मागणी अशी, की छेदात त्या वर्षी पदवी मिळवलेले सगळे विद्यार्थी धरा, अंशात नोकरी मिळालेली माणसे मोजा, देकारपत्रे नव्हेत, आणि पगाराची सरासरी न देता मध्यांक, म्हणजे सगळे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, द्या. नऊ जणांना साडेतीन लाख आणि एकाला चाळीस लाख मिळाले, तर सरासरी सात लाखांच्या पुढे जाते. मध्यांक साडेतीनच राहतो, आणि आपल्या मुलाला काय मिळण्याचा संभव आहे हे पालकाला मध्यांकच सांगतो.

हे आकडे गोळा करणे कठीण आहे, असे कुणी म्हणू नये. राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये, जी महाविद्यालये भाग घेतात ती किती प्रवेशित झाले, ठरलेल्या मुदतीत किती पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली आणि पगाराचा मध्यांक किती, हे दरवर्षी भरून देतातच आणि ते स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवणेही त्यांना बंधनकारक आहे. पण तो संपूर्ण संस्थेचा एकत्रित आकडा असतो, त्यात कॉम्प्युटर आणि सिव्हिल एकाच बेरजेत जातात, आणि ती इंग्रजी पीडीएफ संकेतस्थळाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे हे शोधायला मलाच अर्धा तास लागतो. मी मागते आहे ती त्याच माहितीची शाखानिहाय फोड.

तिसरा आकडा शिक्षकांचा : त्या विभागात आज किती पूर्णवेळ नियमित शिक्षक आहेत आणि त्यांतले किती जण तीन वर्षांहून अधिक काळ तिथेच आहेत. तंत्रशिक्षण परिषदेच्या निकषानुसार वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. जागा दोनशे चाळीस झाल्या तेव्हा शिक्षक किती वाढले, हे कळल्याशिवाय त्या वाढलेल्या जागा ही संधी आहे की नुसती गर्दी, हे ठरवता येत नाही. चौथी बाब राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाच्या, म्हणजे एनबीएच्या मान्यतेची. ही मान्यता एकेका अभ्यासक्रमाला, ठराविक वर्षांसाठी मिळते. नॅकची श्रेणी मात्र संपूर्ण संस्थेची असते. माहितीपत्रकावर दोन्ही शिक्के शेजारीशेजारी छापले, की सगळ्याच शाखा मान्यताप्राप्त आहेत असा पालकांचा समज होतो. कोणत्या शाखेला कधीपर्यंत मान्यता आहे, एवढे लिहिले की झाले. पाचवा आकडा खर्चाचा : शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेले शुल्क तर सांगाच, पण बस, वसतिगृह, गणवेश, परीक्षा, अनामत यांच्यासह पहिल्या वर्षी एकूण किती पैसे लागतील, तेही एका ओळीत सांगा.

शाखांच्या बाबतीत नाशिककर म्हणून माझे मन विशेष दुखते. विकल्पांच्या यादीत वरची दहा नावे कॉम्प्युटर, आयटी, एआय-डीएस (कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्स), एआय-एमएल (कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मशीन लर्निंग) अशी असतात आणि त्यांच्यात एक-दोन पर्सेंटाइलच्या फरकावरून थोर-लहान ठरवले जाते. दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडून पाहिला, तर डेटा स्ट्रक्चर, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग असे कितीतरी विषय सामाईक निघतात. या शाखांत प्रत्यक्ष फरक कोणत्या विषयांचा आहे, हे तुमचे विभागप्रमुख दोन परिच्छेदांत मराठीत समजावून सांगू शकतील. दुसरीकडे सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहती, विद्युत उपकरणांचे कारखाने, ओझरचा एचएएलचा विमान कारखाना, जिथून ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस एमके-१ए या लढाऊ विमानाने उड्डाण केले, हे सगळे ज्या गावाच्या कुशीत आहे त्याच गावातली मुले मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल यादीच्या तळाला टाकतात. इगतपुरीच्या डोंगरातून समृद्धी महामार्गाचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा गेला, २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, पूल, घाट, मलनिस्सारणाची कामे चालू आहेत, आणि सिव्हिलला जागा भरत नाहीत. मुलांना मी दोष देत नाही. या शाखांतून गेल्या तीन वर्षांत बाहेर पडलेले विद्यार्थी आज कुठे काम करतात, हे त्यांना कुणी दाखवलेलेच नाही. ती यादी तुमच्या विभागांच्या नोंदवहीत असणार. कंपन्यांची बोधचिन्हे नकोत, किती जण नाशिकमध्येच काम करतात आणि कोणत्या स्वरूपाचे, एवढे लिहा.

एक गोष्ट मात्र विनंतीच्या सुरात लिहिता येत नाही. बारावीचा निकाल लागला, की त्या रात्रीपासून पालकांना फोन सुरू होतात : आत्ताच जागा बुक करा, नंतर मिळणार नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी अशाच फोनवर विश्वास ठेवून एका संस्थेत संस्थास्तरीय कोट्यातून, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागांतून, जागा घेतली आणि केंद्रीभूत प्रक्रियेचा विकल्प अर्ज भरलाच नाही. मुलगी इतर मागास प्रवर्गातली, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने अशा मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के शासन भरते, पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला असेल तरच. तिचे पर्सेंटाइल पाहता तीच शाखा तिला नियमित फेरीत मिळाली असती. चार वर्षांचे शुल्क त्या घराने विनाकारण डोक्यावर घेतले. फोन करणाऱ्याला हा नियम माहीत नव्हता असे मी कसे मानू? तेव्हा तुमच्या संस्थेच्या नावाने कोण फोन करते याची चौकशी करा, आणि संस्थास्तरीय जागेचा अर्ज घेताना या सवलतीला मुकावे लागेल, हे वाक्य ठळक मराठीत छापून त्याखाली पालकांची सही घ्या. शुल्कमाफी योजनेच्या पाच टक्के अधिसंख्य (मंजूर जागांव्यतिरिक्तच्या) जागांचीही माहिती तिथेच द्या. त्यांचा कटऑफ बहुधा खुल्या जागांपेक्षा वर असतो, तरी पात्र विद्यार्थ्याने तो विकल्प यादीत टाकून पाहायलाच हवा.

तुमच्यापैकी काहींची अडचण मला दिसते. ज्यांना स्वायत्तता मिळाली आहे त्यांच्या प्रश्नपत्रिका आणि निकाल त्यांचेच असतात, संलग्न महाविद्यालयांचे विद्यापीठाचे असतात. त्यामुळे चार वर्षांत पदवीचा आकडा दोन्हीकडे एकाच मापाने मोजला जात नाही. ते खरे आहे, आणि आकड्याशेजारी तेवढी एक टीप पुरेशी आहे. ग्रामीण भागातल्या, कमी पर्सेंटाइलची मुले घेणाऱ्या महाविद्यालयांना भीती वाटेल, की त्यांचा आकडा शहरातल्या नामांकित संस्थेपुढे फिका दिसेल. मला उलट वाटते. ७० पर्सेंटाइलची मुले घेऊन त्यांतल्या बहुसंख्यांना चार वर्षांत पदवीपर्यंत नेणारा विभाग ९५ ची मुले घेणाऱ्यापेक्षा अवघड काम करतो, आणि आज त्याचे ते काम कुणालाच दिसत नाही, कारण पालकांच्या हाती एकच रकाना आहे.

निफाडच्या त्या भाऊंना मी शेवटी एवढेच सांगितले, की तुमच्या कागदावर आणखी रकाने आखू आणि भरता येतील तेवढे भरू. आम्ही तिघांनी मिळून दोन संध्याकाळी घालवल्या. त्यांच्या मुलीने सहा महाविद्यालयांना फोन केले, शाखेत नियमित शिक्षक किती, एवढे विचारायला. दोघांनी नीट उत्तर दिले, एकाने प्राचार्यांशी बोलणे करून दिले, बाकीच्यांनी वेबसाइट पाहा म्हणून फोन ठेवला. ज्या प्राचार्यांनी वेळ देऊन सगळे सांगितले त्यांचे महाविद्यालय तिने तिसऱ्या क्रमांकावर लिहिले, जरी त्याचा कटऑफ तिच्या पर्सेंटाइलच्या पुष्कळ खाली होता.

ही माहिती तुम्ही ज्या स्वरूपात द्याल त्या स्वरूपात घेऊन तिचा शाखानिहाय मराठी तक्ता करण्याचे काम मी आणि गणित-विज्ञान शिकवणारे माझे काही सहकारी विनामोबदला करू. तो जिल्ह्यातल्या जितक्या कनिष्ठ महाविद्यालयांत पोचवता येईल तितक्यांत सूचनाफलकावर लावू, आणि ज्या संस्थेने जो आकडा दिला नसेल तिथे ‘माहिती मिळाली नाही’ एवढेच लिहू, त्यावर भाष्य करणार नाही. गुणवत्ता यादी जाहीर होण्याच्या आठ दिवस आधी माहिती मिळाली, तर पहिल्या फेरीचा विकल्प अर्ज भरणाऱ्या मुलांना ती उपयोगी पडेल.

आपली,
एक गणित शिक्षिका
नाशिकरोड